लहान अँटेना, जुने खांब आणि आपल्या आळ्या : किनाऱ्यावरच्या नगर परिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी व सर्व मा. नगरसेवक,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील किनाऱ्यावरच्या नगर परिषदा व नगर पंचायती

विषय : रस्त्याकडेच्या खांबांवर बसणाऱ्या लहान मोबाइल अँटेनांसाठी स्थानिक रचना-नियम ठरवण्याबाबत.

महोदय/महोदया,

आमच्या आळीच्या वळणावर, पाखाडी उतरून जिथे बंदराच्या रस्त्याला मिळते तिथे, एक जुना लोखंडी खांब आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दोन माणसे शिडी घेऊन आली आणि अर्ध्या दिवसात त्या खांबावर राखाडी रंगाची एक पेटी, वर पांढऱ्या नळकांड्यासारखा अँटेना आणि खाली काळ्या वायरीचे भेंडोळे बसवून निघून गेली. पेटीचा खालचा काठ जेमतेम माझ्या कपाळाच्या उंचीवर होता. कोणी काही विचारले नाही आणि कोणी काही सांगितले नाही. आता रेंज येणार एवढे कळल्यावर आळीतल्या कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते, माझीही नव्हती. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्या वळणावर आली तेव्हा मात्र खांद्यावरचा दांडा त्या पेटीला अडला. वळण इतके अरुंद आहे की एका बाजूला जांभ्याचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला तो खांब, यांच्यामधूनच पालखी जाते. आमच्याकडे आळीत शिरलेली पालखी मागे घेत नाहीत. ढोल थांबले, मानकऱ्यांनी आपसात काही बोलून घेतले, आणि पालखी खांद्यावरून हातांवर उतरवून, खालच्या माणसांनी वाकून ती पेटीखालून पलीकडे काढली.

ती पेटी ज्यांनी बसवली त्यांच्याविरुद्ध हे पत्र नाही. त्यांनी कोणताही नियम मोडलेला नाही, कारण पेटी किती खाली लोंबावी, कोणत्या खांबावर बसावी, केवढी असावी, याविषयी आमच्या गावात नियमच नाही. माझ्या माहितीप्रमाणे आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत तो नाही. तो आता व्हावा, आणि अर्ज येऊ लागण्याआधी व्हावा, एवढ्याचसाठी मी, घरांचे नकाशे काढून पोट भरणारी एक बाई, आपल्याला हे लिहीत आहे.

अँटेना नकोत असे माझे म्हणणे नाही, हे आधीच स्पष्ट करते. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आले, त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या गावांतल्या आपल्या माणसांचा ठावठिकाणा मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना कित्येक दिवस लागत नव्हता. पुढच्या वर्षी 22 जुलैला चिपळुणात पाणी भरले तेव्हाही फोन लागेनासे झाले. ज्याने असे दिवस पाहिले आहेत तो मोबाइलच्या यंत्रणेला नाके मुरडणार नाही. शिवाय आपल्या भूभागाची अडचणही खरी आहे. टॉवर उभे राहतात ते सड्यावर, आणि वस्ती असते खाली खलाटीत, माडा-पोफळीच्या वाड्यांत, जांभ्याच्या दीड-दीड फुटी भिंतींच्या आत. सड्यावरच्या टॉवरला ती वस्ती दिसतच नाही. त्यातून 1 ऑक्टोबर 2022 पासून देशात सुरू झालेली 5जी सेवा बऱ्याच अंशी 3300 मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालते, आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त तितक्या त्या भिंतीत आणि ओल्या पानांत लवकर विरतात. म्हणून अँटेना वस्तीत, माणसांच्या जवळ, कमी शक्तीचे आणि संख्येने जास्त असे लावावे लागतात. यांनाच स्मॉल सेल म्हणतात. मासळी बाजार, एसटी स्टँड, जेटी, देवळाचे आवार अशा गर्दीच्या जागी ते आधी येतील, आणि मग आळीआळीत.

कायद्याची बाजू आपल्या कार्यालयांत माहीत असेलच. तरी ज्या नगरसेवकांना ती नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात मांडते. दूरसंचाराच्या तारा आणि खांब यांना सार्वजनिक जागेतून वाट देण्याचे नियम केंद्राने 2016 मध्ये केले. ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीने त्यांत स्मॉल सेल आणि रस्त्यावरचे सामान, म्हणजे दिव्याचे खांब, बस थांबे, सिग्नल यांचा समावेश झाला. पुढे दूरसंचार अधिनियम, 2023 आला, आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे, म्हणजे अशी वाट देण्याचे, नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. अर्ज पोर्टलवरून येतात, ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो, आणि मुदतीत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. 2016 च्या नियमांत ही मुदत 60 दिवसांची होती. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे लागते आणि अर्जदाराचे म्हणणे ऐकावे लागते.

याचा अर्थ असा की गप्प बसणे ही या बाबतीत संमती आहे. ज्या कार्यालयात अभियंता एकच, त्याच्याकडे पाणी, गटार, रस्ते आणि घरकुलांच्या फायली, त्या कार्यालयात पोर्टलवर पडलेला चाळीस खांबांचा अर्ज मुदतीत कोण वाचणार? आणि वाचला तरी कोणत्या कसोटीवर तपासणार? मग एक तर काहीच उत्तर जात नाही, नाहीतर ‘नागरिकांचा विरोध’ अशा मोघम कारणावर नकार जातो आणि तो वरच्या पातळीवर टिकत नाही. दोन्ही वाटांनी पेटी कपाळाच्या उंचीवरच येऊन बसते. आधीच ठरवलेला, छापलेला आणि कोणालाही वाचता येणारा नियम हाताशी असेल तर मात्र तोच अभियंता एका दुपारी चाळीस खांब तपासून टाकू शकेल.

आता या पत्रातल्या माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या देशातल्या नियमांनी स्मॉल सेलची व्याख्या केली आहे ती अशी : कमी शक्तीचे असे मोबाइल लहरींचे केंद्र की ज्याचा पल्ला 10 मीटर ते 2 किलोमीटर आहे. ही व्याख्या लहर किती दूर जाते ते मोजते, पेटी केवढी आहे ते मोजत नाही. रेडिओ अभियंत्याला तेवढे पुरते. पण जिच्या ओसरीसमोर ती पेटी येणार आहे त्या बाईला पल्ला दिसत नाही, पेटी दिसते. ‘स्मॉल’ हा शब्द आहे म्हणून सामानही लहानच असेल असे आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो.

बाहेरच्या देशांनी ‘लहान’चे माप लिटरांत आणि घनफुटांत ठरवले, आणि त्या मापांतला फरक पाहण्यासारखा आहे. युरोपीय आयोगाने 20 जुलै 2020 च्या विनियमात सांगितले की अशा केंद्राचा लोकांना दिसणारा भाग एकूण 30 लिटरपेक्षा मोठा नसेल, एकाच दिव्याच्या खांबावर एकाहून अधिक केंद्रे बसली तरी सर्वांचे मिळून 30 लिटरच, आणि ते ज्यावर बसते त्याच्याशी रंगारूपाने जुळते असेल, तर त्यासाठी वेगळी बांधकाम परवानगी मागायची नाही. वास्तुकला किंवा इतिहास यांच्या दृष्टीने जपलेल्या जागा तेवढ्या वेगळ्या. 30 लिटर म्हणजे दुकानात मिळणाऱ्या पाण्याच्या 20 लिटरच्या जारच्या दीडपट. उलट अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने 2018 मध्ये जी मर्यादा घातली तीत एकेक अँटेना 3 घनफुटांपर्यंत आणि त्याच्या जोडीचे बाकीचे सामान एकूण 28 घनफुटांपर्यंत चालते. 28 घनफूट म्हणजे जवळजवळ 790 लिटर. आपल्या घरातले तीन फ्रिज एकमेकांना बांधून खांबाजवळ ठेवले तर साधारण तेवढे होईल. रुंद फुटपाथ आणि मोठ्या चौकांच्या शहरात ते खपत असेल. आमच्या आळीत फुटपाथ नाही. गटाराची फरशी हाच आमचा फुटपाथ.

त्याच अमेरिकी आदेशातली एक गोष्ट मात्र आपण अवश्य घ्यावी. स्थानिक संस्थांना दिसण्याविषयी, रचनेविषयी अटी घालता येतील, पण त्या वाजवी असाव्यात आणि आधी प्रसिद्ध केलेल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. त्या आदेशाला शहरांनी न्यायालयात आव्हान दिले आणि 2020 मध्ये त्यातल्या काही अटी रद्दही झाल्या, पण नियम वाजवी आणि आधी प्रसिद्ध केलेला हवा हा भाग टिकला. मला ते न्याय्य वाटते. अर्ज हातात आल्यावर अटी शोधायला लागणे हे कंपनीवर अन्यायाचे आहे, आणि खरे सांगायचे तर त्यात टेबलाखालच्या व्यवहाराला जागा राहते.

आपल्याला हा अधिकार आहे का, असा प्रश्न सभेत नक्की निघेल. दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे आणि सेवा अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे खरे. पण 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते आहेत, दिवाबत्ती आणि बस थांबे आहेत, आणि ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना’ असेही शब्द आहेत. खांब नगर परिषदेच्या मालकीचा असेल तर मालक या नात्याने तो कसा वापरला जावा हे सांगण्याइतपत अधिकार तिला राहतोच. केंद्राच्या नियमांशी विसंगत अट टिकणार नाही. वाजवी, मोजता येणारी आणि सर्व कंपन्यांना सारखी असलेली अट टिकण्यासारखी आहे. नवे उपविधी करून शासनाची मंजुरी आणण्यात वर्ष जाईल. तोवर सर्वसाधारण सभेच्या ठरावाने स्वतःच्या खांबांपुरते धोरण तरी निश्चित करता येईल.

स्वतःचे खांब कोणते, हा मात्र गमतीचा प्रश्न आहे. आमच्या बंदररस्त्यावर दिवा नगर परिषदेचा, खांब महावितरणचा आणि खांब ज्या जमिनीत रोवला आहे तो रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, असे तीन मालक एकाच ठिकाणी उभे आहेत. दिवा गेला की नागरिक तिघांकडे फिरतो. अँटेनाचा अर्जही असाच फिरेल, आणि मुदत मात्र फिरत्या अर्जासाठी थांबणार नाही. म्हणून रचनेचे नियम लिहिण्याआधी, किंवा लिहीत असतानाच, गावातल्या प्रत्येक खांबाची नोंद व्हायला हवी : मालक कोण, लोखंडी की सिमेंटचा, उंची किती, बुंधा कोणत्या अवस्थेत, समोरच्या घराची खिडकी किती अंतरावर.

बुंध्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. गेल्या महिन्यात मी त्या वळणावरच्या खांबाजवळ उभी असताना आमच्या ओळखीचा एक वायरमन तिथून चालला होता. मी विचारले म्हणून त्याने पिशवीतला पाना काढला आणि जमिनीपासून वीतभर वर खांबावर दोन वेळा ठोकले. वर ठोकले तर खणखणीत आवाज येत होता. खाली बद्द आवाज आला आणि चांगला हाताएवढा पापुद्रा सुटून गटारात पडला. तो म्हणाला, ‘ताई, दर्याकडचे सगळे असेच. वरून रंग, आतून भूस.’ खारी हवा, चार महिने अखंड ओल आणि बुंध्याशी साचणारी माती यांनी किनाऱ्यावरचे लोखंड आधी जमिनीलगत खाल्ले जाते, आणि रंगाचा हात नेमका डोळ्यांच्या पातळीवर चांगला बसलेला असतो. अशा खांबाच्या शेंड्यावर वीस-पंचवीस किलोचे सामान चढवायचे म्हणजे नुसते वजन वाढवणे नव्हे. पेटी आणि अँटेना यांचा रुंद पृष्ठभाग वारा अडवतो, तो जोर सगळ्या खांबाच्या लांबीने बुंध्याशी येऊन पडतो, आणि बुंध्याशी तर भूस. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला समांतर गेले, आपल्याकडे जमिनीवर आलेही नाही, तरी वाटेत किती खांब वाकवून गेले ते आपण पाहिले आहे.

यासाठी नगर परिषदेने मागण्यासारखी अट साधी आहे. प्रत्येक खांबासाठी संरचना अभियंत्याचा दाखला, आणि तो गावातल्या सगळ्या खांबांना मिळून एकच छापील दाखला नव्हे, तर त्या खांबाचा बुंधा उघडून पाहिल्याचा. वाऱ्याचा भार आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे धरलेला असावा. कंस (ब्रॅकेट) आणि पट्ट्या गरम जस्तलेपन केलेल्या असाव्यात, आणि नट-बोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. बाजारात स्वस्त मिळणारे 304 खाऱ्या हवेत ठिपके धरते, 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते जास्त टिकते. बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानात हा फरक पोरगाही सांगेल. जो खांब दाखल्यात नापास होईल तो अर्जदाराने स्वखर्चाने बदलावा, त्याच जागी, आणि नवीन खांबावर दिवाही असावा. गावाला निदान एक चांगला खांब मिळेल.

जागा आणि उंची यांविषयी माझ्या सूचना अशा आहेत. खांबावरच्या कोणत्याही पेटीचा खालचा काठ जमिनीपासून साडेतीन मीटरच्या खाली नसावा. पालखी, गणपतीचा टेम्पो, ताजियाची मिरवणूक आणि पावसाळ्याआधी ट्रॉलीवरून वर नेल्या जाणाऱ्या लहान होड्या यांना तेवढी वाट लागते. ज्या वाटांवरून पालखी जाते त्या प्रत्येक गावाला पाठ असतात. त्यांची यादी नियमाला जोडावी आणि त्या वाटांच्या वळणांवरचे खांब वगळावेत. घराच्या खिडकी-दरवाजाच्या अगदी समोर पेटी येऊ नये, खांब दोन घरांच्या सामाईक हद्दीजवळचा निवडावा. पंखा असलेली पेटी वस्तीत नको. उन्हाळ्यात आपल्याकडे माणसे पडवीत झोपतात आणि रात्रभर घुर्रघुर्र ऐकण्याची सक्ती कोणावर करू नये. दिसणारे सगळे सामान एका खांबावर मिळून 30 लिटरच्या आत असावे, आणि त्याहून जास्त लागत असेल तर ते का लागते हे अर्जदाराने लिहून द्यावे. ही मर्यादा युरोपाची आहे म्हणून नव्हे, तर आमच्या खांबांवर त्याहून मोठे काही बसलेले बरे दिसणार नाही आणि बसवलेले टिकणारही नाही म्हणून सुचवते.

रंगाबद्दल मी आग्रही नाही. कोणी म्हणतात अँटेना माडाच्या आकाराचे करा, झावळ्या लावा. कृपया करू नका. खऱ्या माडांच्या गावात प्लॅस्टिकचा माड उभा करण्यासारखे हास्यास्पद काही नाही, आणि त्या झावळ्या पहिल्या वादळात कोणाच्या तरी कौलांवर येतील. खांब ज्या रंगाचा, पेटी त्या रंगाची, एवढे पुरे.

खरी कुरूपता अँटेनात नसून वायरींत आहे. प्रत्येक स्मॉल सेलला वीज लागते आणि बहुतेकांना फायबर लागते, आणि ती फायबर खांबाखांबावरून लोंबत येते. आमच्या आळीत केबल टीव्हीच्या काळातल्या मेलेल्या वायरी अजून लटकत आहेत. ज्यांनी त्या टाकल्या त्यांचा धंदा बुडून दहा वर्षे झाली. त्यांवर सुगरणीचे खोपेसुद्धा होत नाहीत, कावळे तेवढे बसतात. म्हणून नियमात दोन गोष्टी हव्यात. नव्या वायरी खांबाच्या आतून किंवा खांबाला घट्ट बांधलेल्या नळीतून जाव्यात, वेटोळे करून ठेवलेली जास्तीची फायबर पेटीच्या आत असावी. आणि सेवा बंद झाल्यापासून तीन महिन्यांत सगळे सामान काढून खांब पूर्ववत करण्याचे हमीपत्र अर्जासोबतच घ्यावे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबागेत विजेच्या तारा जमिनीखाली घालण्याचे काम झाले. जिथे असे काम झाले आहे किंवा होणार आहे तिथे एका खात्याने खांब काढायचे आणि दुसऱ्याने अँटेनासाठी तेच पुन्हा रोवायचे, असे होऊ नये. चर खणलेला असतानाच त्यात फायबरसाठी एक रिकामी नळी टाकून ठेवणे हे त्यावरचे सर्वांत स्वस्त उत्तर आहे, आणि दर वेळी तेच राहून जाते.

किल्ल्यांचा विषय वेगळा मांडावा लागतो. 11 जुलै 2025 रोजी मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या किनाऱ्यावरचे. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. विजयदुर्गासारख्या जमिनीला लागून असलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी हा कायदा आपले काम करील. पण सिंधुदुर्ग कुरटे बेटावर, पाण्यात आहे. मालवणच्या बंदरावरून, धक्क्यावरून लोक तो पाहतात, तटाचे फोटो काढतात, आणि त्या फोटोत पुढे जे खांब येतात ते स्मारक कायद्याच्या मापाबाहेरचे. हर्णैला सुवर्णदुर्गाचे तेच. तिथे नगर परिषद किंवा ग्रामपंचायत यांनी स्वतः काही ठरवले नाही तर दुसरे कोणी ठरवणार नाही. माझी सूचना अशी की समुद्राकडच्या बाजूच्या खांबांवर काही बसवू नये. रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला, इमारतींच्या भिंतींवर किंवा गच्चीवर जागा शोधावी. पल्ला तेवढाच मिळतो आणि किल्ल्यासमोर पेटी येत नाही.

झाडांच्या बाबतीत फार लिहीत नाही. अँटेनासमोर फांदी येते म्हणून ती तोडण्यास 1975 च्या वृक्ष जतन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि कोणत्याही झाडाला खिळा मारून काही टांगणे बंद असावे, हे नियमात एका ओळीत लिहिले तरी चालेल.

किरणोत्सर्गाचा मुद्दा सभेत निघेल आणि बराच वेळ खाईल; म्हणून त्यावर माझे मत स्पष्ट सांगते. 1 सप्टेंबर 2012 पासून भारतात अँटेनाच्या विद्युतचुंबकीय लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. 2 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला 1 वॅट. तिची तपासणी हे दूरसंचार विभागाचे काम आहे आणि त्यासाठी त्यांचे ‘तरंग संचार’ पोर्टल आहे. नगर परिषदेकडे ना यंत्रे आहेत ना माणसे. त्या आधारावर नकार दिला तर तो पडेल, आणि त्याच्याबरोबर आपले चांगले रचना-नियमही संशयाने पाहिले जातील. नगर परिषदेने एवढेच करावे : प्रत्येक पेटीवर मराठीत एक ठळक पाटी मागावी, तीवर कंपनीचे नाव, पेटीचा क्रमांक आणि चोवीस तास उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक असावा, आणि लाइनमनला खांबावर चढण्याआधी अँटेना बंद करता येईल असा खटका खालून हाताशी येईल अशा ठिकाणी, कुलपात असावा.

पैशांचे सांगायचे राहिले. 2022 च्या दुरुस्तीत एका खांबावर स्मॉल सेल बसवण्याचे वार्षिक शुल्क शहरी भागासाठी 300 रुपये आणि ग्रामीण भागासाठी 150 रुपये असे ठरवले गेले. मासळी बाजारात बऱ्यापैकी पापलेटाची जोडी त्याहून महाग पडते. तेव्हा यातून नगर परिषदेची तिजोरी भरेल ही आशा कोणी धरू नये, आणि उत्पन्नाच्या आमिषाने अटी सैल करण्याचेही कारण नाही. या व्यवहारात गावाला पैसा मिळणार नसेल तर निदान नीटनेटके काम मिळावे, ही अपेक्षा जास्त म्हणता येणार नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2022 मध्ये रस्त्यावरच्या सामानाच्या वापराविषयी शिफारशी करताना भोपाळ, दिल्लीचा विमानतळ, कांडला बंदर आणि बंगळुरूची मेट्रो इथे प्रयोग करून पाहिले. चारही जागांना एकच मालक किंवा एकच व्यवस्थापन, आखलेले रस्ते, नोंदलेले खांब. पाखाडी, गडगा, पालखीची वाट आणि तीन मालकांचा एक खांब असे त्यांत काही नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. आपली परिस्थिती दिल्लीला आपोआप कळणार नाही. ती नियमांत आपणच लिहायला हवी, आणि शक्य असेल तर जवळच्या चार-पाच नगर परिषदांनी मिळून एकच मसुदा करावा, म्हणजे कंपन्यांनाही गावागणिक वेगळे नकाशे काढावे लागणार नाहीत आणि लहान नगर पंचायतींवर तज्ज्ञ नेमण्याचा खर्च येणार नाही.

कामाच्या वेळेविषयी एक शेवटची अट सुचवते : जून ते सप्टेंबर खणकाम नको, गणपतीच्या आणि शिमग्याच्या आधीचे पंधरा दिवस खांबांवर चढणे नको, दुरुस्ती सोडून.

मार्चअखेरीस माझ्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या दोन मुलांना घेऊन मी आमच्या गावातले एसटी स्टँडपासून बंदरापर्यंतचे खांब मोजले. एकूण 118 भरले. त्यांतले 41 लोखंडी, आणि त्या 41 पैकी 17 बुंध्याशी गंजलेले. पालखीच्या वाटेवर 23 येतात. प्रत्येकाचा क्रमांक, मालक जेवढा कळला तेवढा, उंची आणि जवळच्या घराचे अंतर एका वहीत लिहिले आहे, सोबत हाताने काढलेला नकाशा आहे. वहीची प्रत आमच्या नगर परिषदेच्या आवक-जावक टेबलावर दिली आहे आणि पोच घेतली आहे. इतर कोणत्याही नगर परिषदेला नमुना म्हणून हवी असेल तर देईन. मोजणीची पद्धत समजावून सांगायला एक दिवस यायलाही माझी तयारी आहे, प्रवासखर्च मागणार नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि तोपर्यंत पोर्टलवर आलेले अर्ज पाहण्यासाठी एका कर्मचाऱ्याचे नाव निश्चित करावे, ही विनंती.

आपली नम्र,
किनाऱ्यावरच्या एका गावातील नागरिक